हुंकार आणि होकार

रविवार. दुपारचे साडेचार. सावरवाडीच्या खिंडीत एक पांढरी गाडी थांबलेली. आत एकटाच माणूस. त्याच्या फोनला रेंज आली, फोन टिंग करून वाजला — आणि एका आईनं आपली लेक देऊन टाकल्याचं पडद्यावर लिहून आलं!

घडलं ते एवढंच, मंडळी. आरडाओरडा नाही, रडारड नाही. टिंग!

आता ऐका. मघाशी निरूपणाला आपण श्रवणभक्ती घेतली. नऊ भक्तींमधली पहिली. पहिली का? कान उघडे नसतील तर बाकीच्या आठजणींनी आत शिरायचं कुठून? हे झालं, पेटीवाल्यांनी सूर धरला, तुम्ही माना डोलावल्या. पण मला एक सांगा — माणूस ऐकतो, म्हणजे त्याला पटतं का? मी इथं केव्हाचा बोलतोय, तुम्ही ऐकताय. उद्या मी शेजारच्या गावात जाऊन सांगितलं, "तिथल्या लोकांनी माझं सगळं मान्य केलं बरं का!" — चालेल? हसताय! चालणार नाही ना? मग घरात कसं चालतं? ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं — हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

हा प्रश्न पदराच्या गाठीला बांधा. उपरण्याच्या म्हणा, पुरुष मंडळींनी. आख्यान त्याच्यावरच आहे.

आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. तुमच्याआमच्यातल्याच माणसांचं आहे. नावं बदलली आहेत. बाकी पदरचं काही घालणार नाही. तिघांनी मला हे वेगवेगळं सांगितलं. तिघांचं जिथं जुळलं तेवढंच सांगतो. जिथं जुळलं नाही, तिथं 'जुळलं नाही' असंच सांगेन.

तर गाडीतला माणूस — दिगंबर. पुण्यात एका संस्थेच्या कचेरीत नोकरीला. काम काय? बैठकांचं इतिवृत्त लिहायचं. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कोणी काय करायचं. आणि तुम्हाला बैठका ठाऊकच आहेत! आत माणूस एक बोलतो, चहा पिऊन बाहेर आला की म्हणतो, "मी असं म्हणालोच नव्हतो!" मग दिगंबर शांतपणे कागद पुढं करायचा. माणूस गप्प! अशी वर्षानुवर्षं माणसं गप्प केली त्यानं. हळूहळू त्याला वाटायला लागलं की जगातली सगळी भांडणं लिहून न ठेवल्यामुळं होतात. घरीसुद्धा तेच! बायकोनं विचारावं, "आज भाजी काय करू?" आणि यानं म्हणावं, "परवा दुधीचं ठरलं होतं ना?" ती बिचारी सुनेत्रा एकदा म्हणाली, "अहो, मी बायको आहे तुमची, उपसमिती नाही!"

अशा माणसाच्या फोनमध्ये एक अॅप आलं. नोंदी ठेवणारं. तुम्ही बोलायचं, ते ऐकतं, सगळं लिहून काढतं, आणि खाली 'ठरलेले मुद्दे' म्हणून गोषवाराही देतं. दिगंबरला देव भेटला! आणि खुबी काय? रेंज नसली तरी त्याचं अडत नाही. तेव्हा नुसतं ऐकून पोटात ठेवतं. रेंज आली की लिहायला बसतं!

मंडळी, असले श्रोते मलाही भेटतात हो! इथं नुसतं ऐकून पोटात ठेवतात — अर्थ घरी गेल्यावर बायको सांगते!

असो. दिगंबरचं मूळ गाव सावरवाडी. खिंडीच्या पलीकडं, खोलगट जागेत. तिथं रेंज नाही. धाकटा भाऊ अनंता गावातच राहिला. दुधाचा टेंपो चालवायचा. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली, ती त्यानं अंगावर काढली, आणि गेला. मागं राहिली बायको वैजयंता आणि लेक ईश्वरी. दुसरीतली पोर. टेंपो विकला, दोन म्हशी ठेवल्या, वैजयंता धारा काढते, दूध घालते. चाललंय.

दिगंबर-सुनेत्राला मूलबाळ नाही. त्याच्या मनात आलं, ईशूला पुण्याला आणावं. गावात शाळा चौथीपर्यंत. गुरुजी एक, पोरं मूठभर. पुढं रोज खिंड ओलांडायची. आपल्या घराजवळ चांगली शाळा आहे, जूनसाठीचे प्रवेश आत्ताच देतायत. भावाची पोर शिकेल. यात वाईट काय आहे? काही नाही! माणूस वाईट नाही, मंडळी. मन स्वच्छ. पण मन स्वच्छ आहे म्हटल्यावर माणूस कान धुवायचा विसरतो!

तर त्या रविवारी दुपारी दिगंबर सावरवाडीला गेला. जेवण झालं. पडवीत वैजयंता पावट्याच्या शेंगा सोलायला बसली. दिगंबर समोर. मध्ये पाट ठेवला आणि पाटावर — फोन.

"हे काय हो भावजी?"

"काही नाही गं. आपण बोलू ते लिहून काढतं. उद्या कोणाचा गैरसमज नको. चालेल ना?"

"हं."

हा पहिला 'हं', मंडळी. मोजू नका, बोटं पुरणार नाहीत!

दिगंबरनं घसा साफ केला. बैठक सुरू!

"ईशूची शाळा इथं चौथीपर्यंतच."

"हं."

"पुढं खिंड ओलांडून जायचं म्हणजे पावसाळ्यात हाल."

"हं."

"आमच्याकडं शाळा हाकेच्या अंतरावर. सुनेत्रा दिवसभर घरी असते."

"हं."

"सुट्टीत येईल इकडं. दिवाळी, गणपती, मे महिना."

"हं."

"अनंता असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं."

शेंगा सोलणारा हात थबकला. मग — "हं."

आता इथं जरा थांबू. हा 'हं' म्हणजे काय? तुमच्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आपल्याकडं गोष्ट सांगायची तर समोरच्यानं हुंकार द्यावा लागतो. हुंकार आहे तोवर गोष्ट चालते. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. भिंतीला कोण गोष्ट सांगणार? आणि त्यात थोरला दीर बोलतोय! थोरल्या दिराचं बोलणं चालू असताना मुकं बसणं हा त्याचा अपमान. मध्ये तोंड घालणं त्याहून मोठा. मग बाईनं करायचं काय? हुंकार द्यायचा. 'ऐकतेय, तुमचं होऊ द्या' — एवढाच त्याचा अर्थ.

अनंताच्या घरात तर हुंकाराचं फार! तो ईशूला टेंपोत शेजारी बसवायचा आणि गोष्ट सांगायचा. डोळे रस्त्यावर. वळणावळणाचा घाट. पोर ऐकते की पेंगली, हे बघायचं कसं? हुंकारानं! "मग काय झालं, तो कोल्हा गेला नदीवर —" "हं." "नदीला आला होता पूर —" "हं." हुंकार आला नाही की अनंता गोष्ट थांबवायचा. मग पोर दचकून जागी व्हायची आणि आधी हुंकार द्यायची, डोळे मागाहून उघडायची! बापाची गोष्ट बंद पडू नये म्हणून.

हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आत्ता करून बघू या का? मी सांगतो, तुम्ही हुंकार द्या. मोकळ्या गळ्यानं! आटपाट नगर होतं — वा! तिथं एक म्हातारी होती — शाब्बास! तिच्या दारात एक दुभती गाय होती — छान! ती गाय तिनं कीर्तनकाराला देऊन टाकली, तशीच तुम्हीही उद्या द्याल —

का थांबलात? आत्तापर्यंत तर जोरात चाललं होतं! ... थांबा, थांबा. तिकडं खांबाजवळून एक 'हं' आला! नाना! तुम्हीच ना? लिहा हो कुणीतरी! नानांची गाय माझी झाली! नाना म्हणतात, "मी डुलक्या घेत होतो." ते मला माहीत नाही, नाना. यंत्रात 'हो' पडलंय. उद्या दावं घेऊन येतो!

हसलात. बरं झालं. सावरवाडीच्या पडवीत मात्र कोणी हसत नव्हतं.

दिगंबरचं बोलणं संपत आलं. आता शेवटचा प्रश्न. बैठकीतला ठराव! तो म्हणाला, "मग वैजयंता, जूनपासून नेऊ ना ईशूला?"

प्रश्न विचारला. आणि विचारता विचारता, मंडळी, तो बघत कुठं होता? त्या बाईच्या तोंडाकडं? छे! फोनकडं! लाल ठिपका चालू आहे ना, एवढा महत्त्वाचा शब्द सुटायला नको! ठिपक्याकडं बघत राहिला. पडवी गप्प. आणि मग ऐकू आलं —

"हं."

झालं! दिगंबरनं बोट टेकवलं, ठिपका बंद. वैजयंता शेंगांची टोपली उचलून चहा ठेवायला आत गेली. ती काही बोलली नाही, यानं काही विचारलं नाही. विचारायचं काय? ठराव पास!

मग गाडी निघाली. खिंडीत आली. फोनला रेंज सापडली, पोटात ठेवलेलं सगळं त्यानं लिहून काढलं. टिंग! दिगंबर वाचतोय —

बोलणारा एक: ईशूची शाळा इथे चौथीपर्यंतच. बोलणारा दोन: हो. बोलणारा एक: पावसाळ्यात हाल. बोलणारा दोन: हो. हो, हो, हो — पानभर हो! आणि खाली ठळक अक्षरात: ठरलेले मुद्दे. ईश्वरीला जूनपासून पुण्यास नेणे. आईची संमती मिळाली. पुढील काम: शाळाप्रवेश. जबाबदारी: दिगंबर.

यंत्राची काय चूक? त्याला शिकवलेलं असणार — शब्द लिही. आता 'हं' हा काय शब्द आहे? त्यानं जवळचा शब्द बघितला आणि बसवला. 'हं'ला सगळ्यात जवळचं काय? 'हो'! एका कान्याचा, एका मात्रेचा फरक! आणि त्या फरकात एक पोर बसली होती, मंडळी!

दिगंबर घरी आला. "सुनेत्रा, हो म्हणाली वैजयंता!"

सुनेत्राच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "खरंच?"

"लेखी आहे. हे बघ."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी खिडकीखालची जागा मोकळी केली, तिथं बसून पोर अभ्यास करेल म्हणून. उशीला फुलाफुलांचा अभ्रा घातला. आणि मग विचारलं — बायकांचे प्रश्न बघा हं! — "अहो, पण म्हणाली कशी?"

"कशी म्हणजे? हो म्हणाली."

"रडली का?"

"नाही."

"लगेच म्हणाली, की वेळ घेतला?"

"लगेच. म्हणजे... लिहिलंय ना तिथं प्रश्नाच्या खालीच."

"तुमच्याकडं बघून म्हणाली?"

आता इथं दिगंबरला कळ लागली. त्याला पावट्याच्या शेंगा आठवत होत्या. पाट आठवत होता. लाल ठिपका आठवत होता. 'हो' म्हणतानाचा वैजयंताचा चेहरा काही केल्या आठवेना! आठवणार कुठून? बघितलाच नव्हता.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कचेरीत त्याचं लक्ष लागेना. जेवताना घास हातात राहायला लागला. बसल्या जागी फोन काढायचा, 'आईची संमती मिळाली' वाचायचा, ठेवून द्यायचा. परत काढायचा! लिहिलेलं बदललं असेल की काय, असं बघितल्यासारखा. आणि त्या पानाच्या डोक्यावर एक छोटी खूण होती — मूळ आवाज ऐका. बोट त्या खुणेपर्यंत जायचं. टेकायचं नाही. का? इतका काटेकोर माणूस, एकदा ऐकून मोकळा का झाला नाही?

तुम्ही सांगा! ज्या पत्रात वाईट बातमी असेल असं वाटतं, ते तुम्ही लगेच फोडता का?

श्रवणानंतर काय सांगितलंय? मनन. आधी ऐकायचं, मग मनात घोळवायचं, मग निदिध्यास. यंत्रानं श्रवण केलं आणि थेट लिहायला बसलं. मधलं मनन कोणाच्या वाट्याला आलं होतं? दिगंबरच्या! ते त्यानं टाळलं. म्हणून तर कळ!

कान दिला ज्याने । मन नाही दिले ।
हुंकाराची लिपी । कोणा ठावी ॥

हळू वाजवा हो पेटी. आता गोष्ट चढाला लागलीय.

पुढच्या रविवारी नवरा-बायको दोघं सावरवाडीला निघाले. प्रवेशाच्या कागदावर आईची सही लागते, ती घ्यायला. सुनेत्रानं ईशूसाठी एक दप्तर घेतलं होतं, ते मांडीवर धरून बसली. खिंड ओलांडली, रेंज गेली.

वैजयंता अंगणात शेण भरत होती. जाऊ आलेली बघून हात धुऊन पुढं आली. "या ताई! कळवलंबी न्हाई! भावजी, बसा की. च्या ठेवते."

सुनेत्रानं दप्तर पुढं केलं. "ईशूला आणलंय. शाळेचं."

"हितल्या शाळंला एवढं मोठं दप्तर? पोरगी दिसायची न्हाई त्याच्याम्होरं!"

दिगंबर म्हणाला, "अगं, इथल्या नाही. पुण्याच्या. सही घ्यायला आलोय तुझी."

"कशाची सही?"

"ईशूला न्यायची. जूनला."

वैजयंताचे ओले हात तसेच हवेत. "ईशूला? ह्ये ठरलं कवा?"

"असं काय करतेस? मागच्या रविवारी ठरलं ना आपलं? तू हो म्हणालीस!"

"मी?"

आणि दिगंबरनं — सवय! — फोन काढून पुढं धरला. "हे बघ. 'जूनपासून नेऊ ना ईशूला?' खाली बघ. 'हो.' तुझं आहे हे."

मंडळी, आयुष्यभर या कागदापुढं माणसं गप्प झाली होती. वैजयंता गप्प झाली नाही. तिनं पदरानं हात कोरडे केले, फोन हातात घेतला, अक्षराला अक्षर लावून सावकाश वाचलं. आणि म्हणाली —

"भावजी, ह्ये 'हो' कुनाचं हाय?"

"कोणाचं म्हणजे? तुझं!"

"मी जल्मात कधी 'हो' म्हणले न्हाई. आमी 'व्हय' म्हणतो!"

काय बोलली बघा! अहो, आपला होकार कसा असतो ते माणसाला ठाऊक असतं की! दिगंबर त्याच गावात वाढलेला. त्याची आई 'व्हय' म्हणायची, अनंता 'व्हय' म्हणायचा. पुण्याला जाऊन हा 'हो' म्हणायला लागला, आणि पानभर 'हो' वाचताना त्याला एकदाही वाटलं नाही की अरे, हा आवाज आपल्या घरचा नाही!

"मग तू काय म्हणत होतीस एवढा वेळ?" त्याचा आवाज चढला.

"हुंकार देत हुते! तुमी बोलत हुता, मी मुकी बसू? उद्या म्हणाल, भावजय मगरूर झाली, बोलल्यालं ऐकूनबी घेत न्हाई!"

"शेवटी मी स्पष्ट विचारलं होतं, वैजयंता. 'नेऊ ना' म्हणून. तेव्हाही हुंकारच दिलास?"

ती आठवायला लागली. कपाळाला आठी. "त्येला... त्येला मी काय बोललेच न्हाई."

"आवाज आहे यात! 'हं' आहे! मी माझ्या कानांनी ऐकलाय!"

"मी न्हाई बोलले."

आता काय करायचं? एक म्हणतो, 'हं' आहे; एक म्हणते, नाही. दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत! दप्तर दोघांच्या मध्ये ओट्यावर पडलेलं. तेव्हा सुनेत्रा म्हणाली, "अहो, ऐका ना एकदा मूळ. एवढं त्या फोनमध्ये आहे तर ऐकवा सगळ्यांना."

म्हणजे ज्या खुणेवर बोट टेकत नव्हतं, तिथं ते अखेर बायकोच्या सांगण्यावरून टेकलं. फोन त्याच पाटावर ठेवला. तिघं भोवती बसली.

शेंगा फुटल्याचा आवाज. कोंबडीचा कॉक-कॉक. दिगंबरचा घसा. "ईशूची शाळा इथं चौथीपर्यंतच." आणि मग — "हं." आता ऐकताना लहान पोरालाही कळलं असतं! त्यात कुठला आला होकार? 'हं' म्हणजे पुढं सांगा. 'हं' म्हणजे अजून काय. "अनंता असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं." शेंगा थांबल्या. कोंबडी एकटीच. मग जो 'हं' आला, तो ऐकून सुनेत्रानं डोळ्याला पदर लावला. दिगंबर जमिनीकडं बघत राहिला.

आणि मग तो प्रश्न. "जूनपासून नेऊ ना ईशूला?"

काही नाही.

शेंग नाही. बांगडी नाही. श्वाससुद्धा नाही. लिहून काढताना यंत्रानं ही शांतता गाळून टाकली होती! शांततेला अक्षर नसतं ना. कागदावर प्रश्नाला लागून उत्तर. इथं मध्ये एवढी मोठी पोकळी. दिगंबरला त्या दिवशी ती जाणवलीसुद्धा नव्हती. म्हशीनं मान हलवली, साखळी वाजली. पुन्हा काही नाही. वैजयंताचा हुंकार थांबला होता, मंडळी! आणि आपल्याकडं हुंकार थांबला म्हणजे काय? सांगणाऱ्यानं थांबायचं!

आणि मग, दुरून, बारीक —

"हं."

तिघांनीही ऐकलं. दिगंबरनं पुन्हा लावलं. तेच. दुरून, बारीक.

"ह्यो माझा न्हाई," वैजयंता म्हणाली.

"मग कोणाचा?"

"माझा हाय!"

तिघंही वळली. उंबऱ्यात ईश्वरी उभी! एका हातात पेरूची फोड, दुसऱ्या हातानं त्या नव्या दप्तराची चेन उघडत होती, मिटत होती.

"तू? तू कशाला हुंकार दिलास गं?"

पोर चकित झाली. एवढं साधं कळत नाही यांना! "आईचा थांबला हुता. काका बोलायचा बंद झाला. मंग मी आतनं दिला! हुंकार थांबला की बाबा गोष्ट बंद करायचे."

म्हणजे काय झालं, लक्षात आलं? आईचा आवाज आणि लेकीचा आवाज यंत्राला एकच वाटला. दोघींना मिळून त्यानं एक नाव दिलं — बोलणारा दोन! आणि जिला न्यायचं, तिच्याच हुंकाराला तिच्या आईचा होकार म्हणून लिहून टाकलं. पोरीला वाटलं, काका गोष्ट सांगतोय. बंद पडू नये!

दिगंबरनं प्रवेशाचा कागद घडी करून खिशात घालायला घेतला. तेव्हा वैजयंता काय म्हणाली, ऐका. "ऱ्हाऊ द्या भावजी. ठिवा हितंच. मी न्हाई म्हणले न्हाई. मी व्हयबी म्हणले न्हाई. मला इचार करू द्या. माझ्यामागं ह्या पोरीचं काय, ह्ये मलाबी कळतंय की! पन तुमी मला इचारलंच न्हाई. तुमी मला सांगितलंत."

वा, माउली! 'तुमी मला सांगितलंत!' प्रश्नचिन्ह लावलं म्हणून सांगण्याचं विचारणं होत नाही!

आणि मग सुनेत्रा पुढं झाली. ती खाली बसली, पोरीच्या उंचीवर आली. दप्तर बाजूला सारलं. म्हणाली, "ईशू, आमचं सगळ्यांचं बोलून झालं. तुला कोणी विचारलंच नाही गं. तुला यायचंय का, बाळा, आमच्याकडं?"

दिगंबर या वेळी पोरीच्या तोंडाकडं बघत होता. फोन पाटावर पालथा. ठिपका बंद.

ईश्वरीनं पेरूचा घास गिळला. आईकडं बघितलं. काकूकडं बघितलं. आणि म्हणाली —

"हं."

आता सांगा! हा कुठला?

मी तिघांना विचारलं. दिगंबर म्हणतो, होकार होता. मान किंचित हलली होती. सुनेत्रा म्हणते, हुंकार होता. 'मग पुढं काय झालं' असा. वैजयंता म्हणते, ती 'हं?' म्हणाली, पेरू खाताना तिला प्रश्नच नीट ऐकू आला नव्हता. मी सुरुवातीलाच कबूल केलं होतं — जिथं जुळलं नाही, तिथं तसं सांगेन. इथं जुळत नाही. यंत्र बंद होतं. आणि चालू असतं तरी त्यानं काय लिहिलं असतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे!

मग मंडळी, आपण कुठं आहोत या आख्यानात? दिगंबरला हसणं सोपं आहे. त्याच्याकडं निदान मूळ आवाज तरी होता, परत लावून ऐकायला! तुमच्या घरातला कुठं ठेवलाय? सून चुलीपाशी 'हं' म्हणाली, तुम्ही पाहुण्यांना जेवायचं आवतण देऊन मोकळे. म्हातारा बाप खाटेवरून 'हं' म्हणाला, तुम्ही त्याची खाट मागच्या खोलीत नेलीत. लेकीला स्थळ सांगितलं, ती 'हं' म्हणाली, तुम्ही पेढे वाटलेत! त्यातले हुंकार किती आणि होकार किती? कधी थांबून विचारलंत, "बाई गं, हा 'हं' कुठला?" आणि जेव्हा समोरून हुंकारसुद्धा आला नाही, तेव्हा तुम्ही बोलायचे थांबलात का? की शांतता गाळून टाकलीत?

श्रवणभक्ती म्हणजे कीर्तनाला येऊन बसणं, एवढंच समजू नका. समोरच्याच्या 'हं'पाशी थांबणं हीसुद्धा श्रवणभक्तीच. देवाला तुमचा हुंकार बरोबर कळतो, त्याची काळजी नाही. प्रश्न आहे तो शेजारी बसलेल्या माणसाचा. आज घरी गेल्यावर एकदा विचारा. विचारा म्हणतोय, सांगा म्हणत नाही! आणि उत्तर येईस्तोवर तोंडाकडं बघा.

नाना, गाय तुमचीच. निवांत झोपा!

आता शेवटचं कळलेलं सांगतो आणि पेटी मिटवू. प्रवेशाचा कागद वैजयंताच्या फळीवर आहे, डब्याखाली. सही झालेली नाही. शाळेनं जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. ईश्वरी नवं दप्तर घेऊन गावच्या शाळेत जाते. आणि दिगंबरनं काल फोन उघडला, ते जुनं पान काढलं आणि शेवटचं 'हो' खोडून तिथं स्वतःच्या हातानं 'हं' लिहिलं. यंत्रानं विचारलं: बदल कायम करायचा? खाली दोन चौकोन — हो आणि नाही. आज सकाळी त्याचा फोन आला होता. तोवर त्यानं दोन्हींपैकी एकालाही बोट लावलेलं नव्हतं.